कौशल्य कोणाचे, जंगल कोणाचे? : परकीय मदत आणि विदर्भातील वनव्यवस्थापन

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास संस्था, म्हणजे आपण जिला 'यूएसएड' या नावाने ओळखतो ती यंत्रणा, बंद झाली. तिची उरलीसुरली कामे त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे गेली. आपल्याकडे या बातमीची चर्चा झाली ती बहुतेक राजकारणाच्या अंगाने. मला मात्र १९८२ हे साल आठवले. त्या वर्षी याच संस्थेच्या मदतीने महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. गावाच्या पडीक जमिनीवर, रस्त्यांच्या कडेला, कालव्यांच्या काठाला झाडे लावायची, आणि ती वाढवण्याचे कौशल्य गावकऱ्यांना व कर्मचाऱ्यांना शिकवायचे, असा त्याचा हेतू होता. मदत देणारी संस्था आता राहिलेली नाही. मग तिच्या पैशातून शिकवली गेलेली विद्या कुठे आहे? ती कोणाच्या हातात उरली? प्रस्तुत लेख या एका प्रश्नाचा पाठपुरावा करतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरला राहतो. आयुधनिर्माणीची ही वसाहत. वनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. शासन निर्णय, जुने अहवाल, गॅझेटियर आणि जंगलालगतच्या गावांतली माणसे, एवढ्यांच्या आधारावर गेली काही वर्षे मी हा विषय वाचत आलो आहे. कारखान्याच्या गावात राहिल्याचा एक फायदा असा, की 'प्रशिक्षण' या शब्दाचा अर्थ इथे सगळ्यांना नेमका ठाऊक असतो. यंत्र येते, त्याच्याबरोबर पुस्तिका येते, कामगार शिकतो आणि शिकलेले त्याच यंत्रावर वापरतो. शिकणारा आणि चालवणारा एकच. जंगलाच्या बाबतीत नेमकी इथेच गफलत होते. ज्याला शिकवले जाते त्याच्या हाती जंगल असतेच असे नाही, आणि ज्याच्या हाती ते असते तो बदली होऊन तीन वर्षांत दुसरीकडे गेलेला असतो.

शब्दांची पारख

वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकापुढे हा विषय ठेवताना सुरुवात शब्दांपासून करणे योग्य. प्रकल्प-अहवाल हाही आता एक लेखनप्रकार झाला आहे. त्याची स्वतःची शब्दकळा आहे, स्वतःचे व्याकरण आहे. 'शाश्वत वनव्यवस्थापन', 'क्षमता बांधणी', 'लोकसहभाग', 'लाभार्थी' हे त्यातले बीजशब्द.

'शाश्वत' हा आपल्या परंपरेत आत्म्याला, सत्याला लावायचा शब्द. तो जंगलाला लावला की जंगलातली रोजची तडजोड अदृश्य होते. यंदा किती बांबू तोडायचा, कोणत्या कोपऱ्यात गुरे सोडायची नाहीत, मोहाखाली पालापाचोळा जाळायचा की झाडून काढायचा, हे प्रश्न शाश्वताचे नाहीत, चालू हंगामाचे आहेत. गावात यासाठी साधे शब्द आहेत. जंगल 'राखायचे' असते, 'पुरवून वापरायचे' असते. राखणे या क्रियापदाला राखणारा लागतो. 'शाश्वत वनव्यवस्थापन' या सामासिक शब्दात तो राखणारा कुठेच दिसत नाही.

'क्षमता बांधणी' हा शब्द त्याहून अधिक तपासण्यासारखा आहे. बांधकाम रिकाम्या जागेवर करतात. म्हणजे गावात पूर्वी काही नव्हते, ही समजूत शब्दातच गृहीत धरलेली आहे. अहवालातली वाक्यरचनाही तशीच असते. गावकऱ्यांना प्रशिक्षित केले गेले, महिलांना जागृत केले गेले, समित्यांना सक्षम केले गेले. गाव प्रत्येक वाक्यात कर्म आहे. कर्ता वाक्याबाहेर उभा आहे.

याच्या उलट टोकाला मराठीत दुसरे एक लेखन आपल्यासमोर आहे. मारुती चितमपल्ली वनखात्याचेच अधिकारी. त्यांचे वनशिक्षण कोइमतूरच्या सरकारी महाविद्यालयात झाले. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या पक्षिकोशाचा आणि ललित लेखनाचा पुष्कळ गौरव झाला. एक गोष्ट मात्र पुरेशी बोलली गेली नाही. 'नवेगावबांधचे दिवस' लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याच्या पुस्तकांत माधवराव पाटील डोंगरवारांसारखी माणसे, गोंड आणि ढिवर मंडळी, शिक्षकाच्या जागी येतात. पदवीधर अधिकारी शिकणारा आहे आणि गाव शिकवणारे आहे. प्रकल्प-अहवालांतले कर्ता-कर्म इथे उलटे झालेले दिसते. माझ्या मते चितमपल्लींच्या लेखनाचे हे मोल वाङ्मयीन आहेच; शिवाय ते आपल्या वनधोरणावरचे अबोल भाष्यही आहे.

एकाच सालातल्या दोन गोष्टी

जंगल सांभाळण्याची विद्या परदेशातून आणण्याची कल्पना नवी नाही. १८६४ मध्ये भारतातल्या वनांचे पहिले महानिरीक्षक म्हणून नेमले गेले ते डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. तेव्हा इंग्लंडकडे स्वतःचे वनशास्त्र नव्हते. ते जर्मनी आणि फ्रान्समध्ये होते. म्हणून नव्या अधिकाऱ्यांना शिकायला तिकडे पाठवले जाई. पुढे डेहराडूनला वनविद्यालय निघाले ते १८७८ मध्ये. भारतीय वन अधिनियमही १८७८ चाच. या अधिनियमाने राखीव जंगलांत गावांचे पिढीजात वापर 'हक्क' न राहता सरकारने दिलेल्या 'सवलती' ठरू लागले. एकाच सालात सरकारी नोकराला विद्या मिळाली आणि गावाच्या हातून जंगल सुटले. या दोन घटना योगायोगाने जवळ आल्या असे मला वाटत नाही. विद्या कोणाला द्यायची हे ठरले, तेव्हाच जंगल कोणाचे हेही ठरले.

ब्रँडिस यांच्याबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्यांना गावांची स्वतंत्र जंगले हवी होती, देवरायांचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. पण सरकारी मालकीचा आग्रह धरणाऱ्या बेडन-पॉवेल यांच्या पक्षाचा जय झाला. कायद्यात गावजंगलांचे एक प्रकरण राहिले, ते बहुतेक कागदावरच. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगर, दऱ्या, गायराने वनखात्याने गिळल्याने शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांनाही चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यात आहे. वनव्यवस्थापनावरची मराठीतली पहिली समर्थ टीका म्हणून तो भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे.

मदत, कर्ज आणि समिती

स्वातंत्र्यानंतर परदेशी मदतीच्या निरनिराळ्या लाटा आल्या. १९७० च्या दशकात आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये जागतिक बँकेच्या तांत्रिक साहाय्याने, कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावण्याची योजना आखली गेली. साल, मोह, चार यांच्या जंगलात पाइन! आदिवासींचा विरोध झाला आणि योजना गुंडाळावी लागली. तिथे तंत्रज्ञानाचा तुटवडा नव्हता. पाइन कसा वाढवायचा हे तज्ज्ञांना उत्तम माहीत होते. तो तिथे का नको, हे ज्यांना माहीत होते त्यांना विचारले गेले नव्हते.

त्यानंतर १९८२ चे सामाजिक वनीकरण. मुळात कल्पना चांगली होती. सरपण आणि चारा गावाजवळ वाढवला तर जंगलावरचा ताण कमी होईल. लागवड खात्याने करायची, काही वर्षे राखायची आणि मग ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करायची. हस्तांतरणाच्या या सांध्यावरच गाडे अडले. जी झाडे कोणती लावायची हे गावाने ठरवले नव्हते, ती एके दिवशी कागदावर गावाची झाली. पंचायतीला ती सांभाळायला पैसा नव्हता आणि तोडून विकायची मुभाही खात्याला विचारल्याशिवाय नव्हती. रोपवाटिका करायला बायाबापड्या शिकल्या, हे खरे. पण रोपे कोणाची करायची हे वरून येणाऱ्या उद्दिष्टाने ठरत होते. उद्दिष्ट संपले तशी रोपवाटिकाही संपली.

तिसरी आणि सर्वांत मोठी लाट १९९२ ची. त्या वर्षी जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जखिडकीतून महाराष्ट्र वनीकरण प्रकल्पासाठी सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलर मंजूर झाले. वनीकरण, सुधारित रोपवाटिका, संशोधन, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि गावांबरोबर संयुक्त वनव्यवस्थापन असा त्याचा पसारा होता. १६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने राज्यात संयुक्त वनव्यवस्थापन आले, तेही याच सुमारास. गावात समिती, तिचा सदस्य-सचिव वनखात्याचा कर्मचारी, आणि कार्यक्षेत्र अवनत झालेले जंगल, अशी रचना होती. चांगले, उभे जंगल गावाबरोबर वाटून घ्यायचे नाही. जिथे सगळे गेले तिथे मात्र गावाने मेहनत करायची. या रचनेतली विसंगती तेव्हाही अनेकांनी दाखवली होती.

या काळाने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वनरक्षक आणि गावकरी प्रथमच एका सतरंजीवर बसले. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढायची पद्धत आली. समितीत स्त्रियांच्या जागा आल्या. काही अधिकाऱ्यांची दृष्टी या अनुभवाने कायमची बदलली, असे अधिकारी मी पाहिले आहेत. परंतु प्रकल्पाचा निधी आटला, तशा पुष्कळ समित्यांच्या बैठकाही आटल्या. समितीचे दप्तर, शिक्का, बँकेचे पासबुक सचिवाकडे. सचिव बदलून गेला की समितीची आठवणही त्याच्याबरोबर गेली. जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने २००० मध्ये भारतातल्या वनविषयक कर्जांचा आढावा घेतला. वनविकासातून दारिद्र्य हटवणे हा त्याच्या शीर्षकाचाच विषय आहे. निव्वळ किती हेक्टरवर झाडे लागली यापुढे जाऊन प्रश्न विचारावा लागतो, हे निदान तिथे मान्य झाले.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. आपण ज्याला 'मदत' म्हणतो त्यातले बरेचसे कर्ज असते. बँकेच्या त्या खिडकीतून भारताला त्या काळी मिळणारी कर्जे साधारणपणे ३५ वर्षांच्या मुदतीची असत. पहिली दहा वर्षे मुद्दल नाही, आणि व्याजाऐवजी नाममात्र सेवाशुल्क. म्हणजे १९९२ च्या प्रशिक्षणाचा हिशेब मिटायला २०२७ उजाडते. त्या वर्षी भरती होऊन प्रशिक्षण घेतलेले बहुतेक वनरक्षक एव्हाना निवृत्त झाले किंवा निवृत्तीला टेकले. पैशाची परतफेड ज्या चिकाटीने होते, त्या चिकाटीने विद्येचा वारसा मात्र कोणी मोजत नाही. २००८ मध्ये जपाननेही भारताला वनकर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र कर्ज दिले. प्रशिक्षण संस्थांच्या इमारती, वसतिगृहे, अभ्यासक्रम यांची त्यात सोय होती. वनरक्षकाला चांगले वसतिगृह मिळाले तर त्यात वाईट काही नाही. माझा मुद्दा एवढाच, की विद्येचा पत्ता पुन्हा तोच राहिला जो १८७८ मध्ये होता.

तलावांचा धडा

विद्या आणि अधिकार यांचे नाते समजून घ्यायला आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना लांब जावे लागत नाही. आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव, त्यांच्या पाळी, त्यांचे सांडवे हा कोणत्याही परकीय तज्ज्ञाच्या मदतीशिवाय उभा राहिलेला जलव्यवस्थेचा संसार होता. कोणत्या बांधीला कधी आणि किती पाणी द्यायचे हे पाहणारा 'पाणकर' गावाने नेमलेला असे. धानाच्या मोसमात त्याचा शब्द प्रमाण.

मध्य प्रांतातल्या मालगुजारी पद्धतीत गावचे तलाव आणि गावचे जंगल दोन्ही मालगुजाराच्या नावावर होते, आणि गावकऱ्यांचा निस्तार त्यावर चालत असे. ती व्यवस्था समतेची नव्हती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव व जंगले सरकारजमा झाली. मालगुजार गेला हे योग्यच झाले. पण त्याची जागा गावाने घेतली नाही, खात्याने घेतली. तलावांना 'माजी मालगुजारी' असे नाव पडले आणि त्याचे लघुरूप 'मामा तलाव' झाले. पाळ फुटली तर माती टाकायला पूर्वी गाव धावे. आता अर्ज धावू लागला. पाणकराला कुणी बंदी केली नव्हती, त्याचे ज्ञानही एका दिवसात पुसले गेले नाही. त्याचा शब्द चालेनासा झाला आणि मग मुलाने ते ज्ञान शिकण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्याच पिढीत कौशल्य संपले.

पुढे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या मासेमारी संस्थांनी काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, बेशरमाची झुडपे उपटली, गावठी मासळी परत आणली. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांना शिकवावे लागले नाही. त्यांना हवा होता तलावावर काम करण्याचा आधार आणि केलेल्या कामाचे फळ आपल्याच संस्थेला मिळेल ही खात्री. तलावाबाबत जे खरे ठरले, तेच जंगलाबाबत ठरते काय, हे पाहण्यासाठी वैनगंगा ओलांडून दक्षिणेकडे जावे लागते.

आधी हक्क, मग शिक्षण

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव मराठी वाचकाला नवे नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांबरोबर ते महाराष्ट्रभर पोहोचले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की संयुक्त वनव्यवस्थापन अवनत जंगलापुरते असताना मेंढ्याने आपल्या उभ्या, चांगल्या जंगलासाठी त्याचा आग्रह धरला आणि ते मिळवले. प्रकल्प जसा आला तसा त्यांनी घेतला नाही. त्याला आपल्या अटीवर वाकवले. दुसरा तपशील 'अभ्यास गटा'चा. गावात प्रश्न पडला की तो अभ्यास गटात चर्चेला घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, वाद घालायचा, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. इथे 'प्रशिक्षित केले गेले' हे क्रियापद नाही. 'आम्ही अभ्यास केला' हे आहे. गाव कर्ता झाले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या कर्तेपणाला कायद्याची जागा दिली. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मान्य झाला. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना खात्याच्या हाती. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. एक साधे पावती-पुस्तक! पण कित्येक कार्यशाळांनी जे झाले नाही ते त्याने झाले. परवाना गावाच्या हाती आल्याबरोबर बांबूची मोजणी, प्रतवारी, निविदा, मजुरीचे वाटप, हिशेब, ही सगळी कौशल्ये गावाला लागली. आणि लागली म्हणून ती शिकली गेली.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळवला. बांबूच्या रांजीतला कोणता बांबू तोडायचा, कोवळा कसा ठेवायचा याचे नियम ग्रामसभेने केले. त्याच गावाने तेंदूपत्त्याचा व्यापार न करण्याचे ठरवले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लागतात आणि गावाला तेंदूची फळे व झाडे अधिक मोलाची वाटली. तेंदूचे पैसे सोडणे ही जंगलालगतच्या गावासाठी लहान गोष्ट नाही. हा निर्णय कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवता आला नसता. तो ज्याला पैसे सोडण्याचा आणि घेण्याचा, दोन्हींचा अधिकार आहे, त्यालाच घेता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड माळावर हक्क मिळाल्यावर जंगल उभे केले, सीताफळांची विक्री बसवली, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी निगडित भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला.

इथे परकीय मदत दिसतच नाही असे नाही. या जिल्ह्यांतल्या ग्रामसभांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी संस्थांना वेळोवेळी बाहेरून निधी मिळाला. मेंढ्याचा एक सविस्तर अभ्यास २००१ मध्ये पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेने लंडनच्या एका पर्यावरणविषयक संस्थेच्या सहकार्याने प्रसिद्ध केला. फरक क्रमाचा आहे. १९८२ आणि १९९२ मध्ये आधी प्रशिक्षण, मग 'सहभाग', आणि अधिकाराचे पुढे पाहू, असा क्रम होता. इथे आधी अधिकार, मग त्यातून पडलेले प्रश्न, आणि त्या प्रश्नांपुरती मदत. २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामूहिक संसाधनांच्या अभ्यासासाठी. आपल्या वापराचे नियम आपणच करण्याची मुभा लोकांना असणे, ही अशा व्यवस्था टिकण्याची एक अट त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून मांडली होती. त्याच वर्षी मेंढ्याला हक्कपत्र मिळावे, हा मात्र खरोखरच योगायोग.

कोणते कौशल्य?

यावर एक आक्षेप रास्त आहे. हक्क मिळाला की सगळे आपोआप सुरळीत होते काय? होत नाही. ग्रामसभांनाही अडचणी येतात. २०१३ च्या सुमारास गोंदिया, गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करायला घेतली, तेव्हा पत्ता तोडायचे शिकावे लागले नाही. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचे एक प्रमाण गोणी, हे हिशेब तिथल्या पोरीबाळींना तोंडपाठ असतात. शेजारच्या मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा, हेही त्यांना ठाऊक असते. अडले ते दुसरीकडेच. निविदेची जाहिरात कशी द्यायची, करारनाम्यात हप्त्यांची अट कशी घालायची, ठेकेदाराने पैसे थकवले तर दाद कुठे मागायची, ग्रामसभेचे पॅन कार्ड, करकपात, लेखापरीक्षण यांचे काय करायचे. काही ठिकाणी ठेकेदारांनी रकमा बुडवल्या, काही ठिकाणी हिशेबावरून गावात भांडणे झाली.

म्हणजे कौशल्याची गरज खरी आहे. फक्त ती प्रकल्पवाल्यांनी गृहीत धरलेल्या जागी नाही. आजवरच्या प्रशिक्षणांचा भर झाडावर राहिला: रोप कसे करावे, खड्डा किती खोल खणावा, कोणते झाड का तोडू नये. जंगलात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे ढिवराला पोहायला शिकवणे. त्याला हवा आहे तो कायदा, हिशेब, बाजार आणि नकाशा. उपग्रहाच्या चित्रावरून आपल्या जंगलाची हद्द कशी वाचायची, खात्याच्या कार्य-आयोजनेत आपल्या गावच्या कक्षासाठी काय लिहिले आहे, हे त्याला कळले पाहिजे. ही कार्य-आयोजना बहुतेक इंग्रजीत असते. जी माणसे त्या जंगलात रोज जातात त्यांना ती वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते ते तिथे रोज जात नाहीत.

आता आमच्या भंडाऱ्याचे. नागझिरा अभयारण्य १९७० चे. २०१३ मध्ये कोका अभयारण्य जाहीर झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मोठ्या प्रमाणावर मान्य झाले, तसे इकडे झालेले नाही. त्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. आमच्याकडे जंगलालगतच्या गावांत ढिवर, कोहळी, पोवार, कुणबी, बौद्ध अशी संमिश्र वस्ती आहे. यांतले बहुतेक लोक अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. कायद्याच्या भाषेत ते 'इतर पारंपरिक वननिवासी', आणि त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. तेंदू तोडणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या बाईकडे आजीच्या नावाचा कागद कुठून असणार? कोक्याकडच्या एका वयस्क बाईंशी बोलताना मी विचारले, की प्रशिक्षणे होतात का. होतात, त्या म्हणाल्या. जेवण चांगले असते. मग तिथे काय शिकवतात असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश इतकाच, की जंगलात जाऊ नये हे शिकवतात.

व्याघ्रप्रकल्पाच्या भोवती उपजीविकेची प्रशिक्षणे, गॅस जोडण्या, पर्यटक मार्गदर्शकांची शिबिरे यांची गरज मला मान्य आहे. वाघाबरोबर राहणाऱ्या माणसाला आधार मिळालाच पाहिजे. मात्र जंगलापासून दूर नेणारे प्रशिक्षण आणि जंगल राखायला बळ देणारे प्रशिक्षण, या दोन्हींना एकाच 'क्षमता बांधणी'च्या शीर्षाखाली मोजणे ही फसवणूक आहे.

तीन प्रश्न

परकीय मदत यापुढे आटेल असे दिसते. एक मोठा दाता दृष्टीआड झाला, दुसरे आपापल्या देशांतल्या राजकारणाने आखडले. काहींना याचा आनंद होतो, काहींना काळजी वाटते. मला यात एक संधी दिसते. उद्या येणारा पैसा परदेशी असो, राज्याच्या तिजोरीतला असो की एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतला, त्याला तीन साधे प्रश्न विचारता येतील.

पहिला: शिकवून झाल्यावर, शिकलेला माणूस कोणता निर्णय स्वतः घेऊ शकणार आहे? उत्तर 'कोणताही नाही' असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे, मेळावा आहे. दुसरा: दप्तर कोणाकडे राहणार आणि ते कोणत्या भाषेत असणार? गावच्या जंगलाचा आराखडा मराठीत, गोंडी बोलणाऱ्या गावात गोंडीतही, ग्रामसभेच्या कपाटात नसेल, तर गावाची क्षमता वाढली असे म्हणता येणार नाही. तिसरा: हे अनुदान आहे की कर्ज, आणि कर्ज असेल तर ते फेडले जाईपर्यंत ही विद्या जिवंत राहील याची सोय काय?

भंडाऱ्यापुरती मागणी याहून लहान आहे. प्रत्येक जंगलालगतच्या ग्रामसभेला तिच्या हद्दीतल्या वनकक्षांची कार्य-आयोजना मराठीत द्यावी, आणि १९५१ पूर्वीच्या निस्तारपत्रकांच्या व बंदोबस्ताच्या नोंदींच्या नकला द्याव्यात. ७५ वर्षांचा पुरावा लोकांच्या घरात नाही; तो सरकारी अभिलेखागारात आहे. त्या नकला काढायला कोणत्याही परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. एक कारकून, एक झेरॉक्स यंत्र आणि एक आदेश पुरेसा आहे. हे कागद हातात आल्यावर काय शिकायचे ते गाव ठरवील, आणि कोणाकडून शिकायचे तेही.